डेव्होंटा स्मिथ, १६६ पौंड आणि २०२१ चा ड्राफ्ट: पहिल्या दहांत घेण्याजोगा आहे का?

चौथाडाव (१८ एप्रिल २०२१)

नमस्कार मंडळी. एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा, ड्राफ्ट (विद्यापीठांतील खेळाडू संघांनी पाळीपाळीने निवडण्याचा सोहळा) २९ एप्रिलला क्लीव्हलँडमध्ये सुरू होत आहे आणि यंदाच्या सर्वांत वादग्रस्त नावावर येथील जाणकारांची मते वाचावीत, एवढाच या धाग्याचा हेतू आहे.

या महिन्यात इंडियानापोलिसला झालेल्या वैद्यकीय तपासणीत अलाबामा विद्यापीठाचा वाइड रिसीव्हर (पास झेलणारा खेळाडू) डेव्होंटा स्मिथ याचे वजन १६६ पौंड, म्हणजे जेमतेम ७५ किलो भरले. उंची सहा फुटांहून किंचित जास्त आहे. विद्यापीठाच्या यादीत हेच वजन १७५ पौंड छापलेले होते आणि सीनियर बोलच्या (विद्यापीठातील अखेरच्या वर्षाच्या खेळाडूंच्या प्रदर्शनी सामन्याच्या) वेळी त्याने वजनकाट्यावर उभे राहणेच टाळले होते, त्यामुळे कुजबुज आधीपासून चालू होतीच.

दुसऱ्या बाजूला त्याचा २०२० चा हंगाम पाहा: ११७ झेल, १,८५६ यार्ड आणि झेल घेऊन केलेले २३ टचडाऊन (चेंडू गोलरेषेपलीकडे नेऊन मिळवलेले गुण). विद्यापीठ फुटबॉलमधील सर्वोत्तम खेळाडूचा हाइझमन करंडक त्याने जिंकला. १९९१ मध्ये डेस्मंड हॉवर्डने जिंकल्यानंतर एकाही वाइड रिसीव्हरला तो मिळालेला नव्हता. हे सर्व असूनही अनेक तज्ज्ञ त्याला लुइझियाना स्टेटच्या जामार चेसच्या खाली ठेवतात, आणि काही जण तर त्याच्याच संघातील जेलन वॉडलच्याही खाली ठेवतात. तुमच्या हातात पहिल्या दहांतील निवड असती, तर तुम्ही ती स्मिथवर खर्च केली असती का?

फिलीचा_पाहुणा (१८ एप्रिल)

डोळे मिटून केली असती. मी गेली अनेक वर्षे फिलाडेल्फियाजवळ राहतो आणि तिथल्या ईगल्स संघाच्या चाहत्यांचे दुःख काय असते ते मला विचारा. २०१९ मध्ये आम्ही ५७ व्या क्रमांकावर आर्सेगा-व्हाइटसाइड घेतला आणि डीके मेटकाफ ६४ व्या क्रमांकावर सिअ‍ॅटलला गेला. २०२० मध्ये २१ व्या क्रमांकावर जेलन रेगर घेतला आणि लगेच पुढच्या निवडीत मिनेसोटाने जस्टिन जेफरसन उचलला, ज्याने पहिल्याच हंगामात १,४०० यार्ड केले. या दोन्ही वर्षी आमच्या मंडळींनी शरीरयष्टी, वेग आणि 'संघाच्या योजनेत बसणे' यांवर बराच विचार केला असणार; झेल कोण घेतो, एवढ्या साध्या प्रश्नावर किती केला, ते देव जाणे.

दुखरी गोष्ट अशी की गेल्या महिन्यात आम्ही सहावा क्रमांक मायामीला देऊन बाराव्यावर आलो आहोत. बदल्यात २०२२ ची पहिल्या फेरीतील निवड मिळाली हे खरे, परंतु स्मिथ बाराव्या क्रमांकापर्यंत उरेल असे मला वाटत नाही.

आकडेमोड (१८ एप्रिल)

धागाकर्त्यांनी प्रश्न नेमका विचारला आहे, म्हणून उत्तरही नेमके देतो: खेळाडू म्हणून हवा, पहिल्या दहांत नको.

इतक्या हलक्या रिसीव्हरची उदाहरणे फारशी नाहीत. डिशॉन जॅक्सन साधारण याच वजनाचा होता आणि त्याची कारकीर्द उत्तम झाली, परंतु २००८ मध्ये तो दुसऱ्या फेरीत, ४९ व्या क्रमांकावर मिळाला होता. मार्कीझ ब्राउन २०१९ मध्ये याच १६६ पौंडांचा होता. तो २५ व्या क्रमांकावर बाल्टिमोरला गेला. टॅव्हन ऑस्टिन १७४ पौंडांचा असताना २०१३ मध्ये आठव्या क्रमांकावर घेतला गेला आणि त्या निवडीचे पुढे काय झाले ते सेंट लुईसच्या चाहत्यांना विचारावे. शिवाय या तिघांच्या नावावर जो अफाट वेग होता, तो स्मिथने कोठेही मोजून दाखवलेला नाही. विद्यापीठातील चाचणीच्या दिवशी तो चाळीस यार्ड धावलाच नाही.

वजनही दाखवायचे नाही आणि वेगही दाखवायचा नाही, अशा मालाची किंमत आपण मंडईत काय लावतो?

ओहायोची_मावशी (१९ एप्रिल)

आकडेमोड, वेग दाखवला नाही असे कसे म्हणता? ११ जानेवारीला तो आम्हांला साऱ्या देशासमोर दाखवला ना. विद्यापीठ विजेतेपदाच्या अंतिम सामन्यात ओहायो स्टेटविरुद्ध १२ झेल, २१५ यार्ड, ३ टचडाऊन, आणि हे सगळे मध्यंतराच्या आत. नंतर बोटाला दुखापत होऊन तो बाहेर बसला, तेव्हा आमच्या घरात अपराधी वाटावे इतका सुटकेचा निःश्वास टाकला गेला. तरीही ५२-२४ असे हरलो.

एका टचडाऊनच्या वेळी तर आमचा लाइनबॅकर (बचावातला जाडजूड, तुलनेने संथ खेळाडू) त्याच्यामागे धावत होता. लाइनबॅकर! ही चूक आमच्या प्रशिक्षकांची म्हणा, परंतु प्रतिस्पर्ध्याला अशी चूक करायला भाग पाडणे हेही कौशल्यच आहे.

स्पष्टवक्ता (१९ एप्रिल)

मावशींचे दुःख समजू शकतो, तरीही एक आक्षेप नोंदवतो. अलाबामाच्या रिसीव्हरचे आकडे पाहताना त्याच्या भोवतीची माणसेही पाहावी लागतात. चेंडू फेकायला क्वार्टरबॅक मॅक जोन्स, ज्याचे ७७ टक्क्यांहून अधिक पास अचूक गेले. धावायला नाजी हॅरिस. डाव रचायला स्टीव्ह सार्किशियन, ज्यांना या हंगामानंतर टेक्ससने मुख्य प्रशिक्षक म्हणून नेले. समोर अशी भक्कम आक्रमक फळी की क्वार्टरबॅकने चहा पिऊन पास टाकावा. अशा संघात दोन हजार यार्डांच्या जवळ जाणे आणि रविवारी, म्हणजे एनएफएलमध्ये, एखाद्या डळमळीत संघात तेच करणे यांत फार अंतर आहे.

शिवाय २०२० च्या ड्राफ्टमध्ये याच संघाचे रिसीव्हर रग्ज बाराव्या आणि ज्यूडी पंधराव्या क्रमांकावर गेले. दोघांचाही पहिला हंगाम ठीकठाक, त्यापलीकडे काही नाही.

चौथाडाव (१९ एप्रिल)

स्पष्टवक्ता, आपला मुद्दा २०१९ ला अधिक लागू पडतो. त्या वर्षी रग्ज, ज्यूडी, वॉडल आणि स्मिथ असे चौघे एकाच संघात होते आणि बचाव करणाऱ्यांना कोणाकडे पाहावे ते कळत नव्हते. गंमत अशी की त्या चौघांतही सर्वाधिक यार्ड स्मिथचेच होते: ६८ झेलांत १,२५६.

२०२० ची परिस्थिती वेगळी होती. २४ ऑक्टोबरला टेनेसीविरुद्ध सामन्याच्या अगदी आरंभी वॉडलचा घोटा मोडला आणि त्यानंतर प्रत्येक प्रतिस्पर्ध्याला ठाऊक होते की चेंडू कोणाकडे जाणार आहे. तरीही डिसेंबरमध्ये लुइझियाना स्टेटविरुद्ध त्याने २३१ यार्ड आणि ३ टचडाऊन केले, आणि फ्लोरिडाविरुद्धच्या एसईसी (अलाबामा ज्या विद्यापीठ-गटात खेळते तो गट) विजेतेपदाच्या सामन्यात १५ झेल घेतले. आजूबाजूच्या माणसांमुळे आकडे फुगले असते, तर एक मोठा माणूस वजा झाल्यावर ते खाली यायला हवे होते. ते वर गेले.

पुणे_पहाटे (१९ एप्रिल)

मी नवखा आहे, म्हणून एक बाळबोध शंका विचारतो. आयपीएलच्या लिलावासारखे संघ बोली का लावत नाहीत? ज्याला हवा त्याने जास्त पैसे मोजावेत. पहिल्या दहांत की बाहेर, हा वादच उरणार नाही.

चौथाडाव (१९ एप्रिल)

शंका बाळबोध नाही, कारण सगळा वाद त्यामुळेच आहे. येथे बोली नसते, पाळी असते. गेल्या हंगामात ज्या संघाची कामगिरी सर्वांत वाईट, त्याची पाळी प्रथम, आणि विजेत्याची शेवटी. अशा सात फेऱ्या होतात. पाळी मात्र विकता येते, म्हणजे दोन संघ आपापल्या निवडींची, पुढील वर्षांच्या निवडींसकट, अदलाबदल करू शकतात. फिलीचा_पाहुणा वर जे रडत आहेत ते त्याबद्दलच.

२०११ च्या वेतन करारापासून नव्या खेळाडूचा मोबदला तो कितव्या क्रमांकावर निवडला गेला यावरून जवळजवळ ठरूनच जातो. करार चार वर्षांचा असतो, आणि पहिल्या फेरीतील खेळाडूच्या बाबतीत पाचवे वर्ष वाढवण्याचा अधिकार संघाकडे असतो. म्हणून सहावा क्रमांक आणि सोळावा क्रमांक यांत खेळाडूच्या दृष्टीने काही दशलक्ष डॉलरांचा फरक पडतो. संघाच्या दृष्टीने फरक पैशांचा कमी आणि हुकलेल्या संधीचा अधिक असतो, कारण सहाव्या क्रमांकावर याला घेतला म्हणजे उरलेल्या सगळ्यांवर पाणी सोडले.

पुणे_पहाटे (१९ एप्रिल)

आभारी आहे. आता भारतात पहाटे साडेपाचला उठण्याचे निमित्त मिळाले. घरच्यांना कारण कसे सांगायचे ते पाहतो.

अस्थिपंजर (२० एप्रिल)

मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे, फुटबॉलतज्ज्ञ नाही. त्यामुळे माझे बोलणे तेवढ्यापुरतेच धरावे.

'हलका म्हणजे लवकर मोडणार' हे समीकरण ऐकायला पटते, परंतु रिसीव्हरच्या अनेक गंभीर दुखापती समोरून आदळल्यामुळे होत नाहीत. वेगात असताना पाय रोवून दिशा बदलताना गुडघ्याचा अस्थिबंध तुटतो, किंवा मागील मांडीचा स्नायू ओढला जातो. अशा वेळी स्वतःचे वजन जास्त असणे सांध्याच्या फायद्याचे असतेच असे नाही. थेट आघातात मात्र, विशेषतः खांदा, बरगड्या आणि कॉलरबोन यांच्या बाबतीत, अंगावर मांस असलेले बरे, हे मी नाकारणार नाही. त्याची उंची आणि वजन पाहता देहभार निर्देशांक २२ च्या आसपास येतो. सामान्य माणसाला मी शाबासकी देईन. दोनशे पौंडांच्या माणसांशी टकरा घेणाऱ्याला काय सांगावे, हे माझ्या पुस्तकात नाही.

त्याच्याबाबत उपलब्ध असलेला सर्वांत चांगला पुरावा म्हणजे त्याचा स्वतःचा इतिहास. चार वर्षे तो एसईसीमध्ये खेळला आणि वजनाशी जोडता येईल असे दीर्घ काळ बाहेर बसणे त्याच्या वाट्याला आल्याचे दिसत नाही. बोट निखळणे हे कोणाच्याही नशिबी येऊ शकते.

साजूकतूप (२० एप्रिल)

एवढी चर्चा कशाला? महिनाभर आमच्या कोल्हापुरी आत्याकडे पाठवा. १८५ पौंडांचा करून परत पाठवतील, आणि वर डबाही देतील.

आकडेमोड (२० एप्रिल)

साजूकतूप, आणि मग तो आत्ता ज्या चपळाईने वळतो ती वळणे कोण घेणार?

डॉक्टरांचे विवेचन आवडले. परंतु माझी चिंता दुखापतीपेक्षा आधीच्या क्षणाची आहे. स्नॅप झाल्याबरोबर, म्हणजे डाव सुरू होताच, कॉर्नरबॅक (रिसीव्हरला अडवणारा बचावपटू) रेषेवरच छातीवर हात टाकून रिसीव्हरला खिळवून ठेवतो, त्याचे काय? व्यावसायिक फुटबॉलमध्ये असे करणारे दंडही बळकट असतात आणि डोकीही.

कडेचा_बाप (२० एप्रिल)

या प्रश्नावर थोडे सविस्तर लिहितो. मुलगा इथे टेक्ससमध्ये शाळेच्या संघात रिसीव्हर खेळतो, त्यामुळे त्याच्या प्रशिक्षकांनी दाखवलेल्या स्मिथच्या चित्रफिती मी मुलाइतक्याच वेळा पाहिल्या आहेत.

त्याला रेषेवर अडवायचे तर आधी त्याला हात लागला पाहिजे. स्नॅपनंतर तो जागच्या जागी दोनतीन अगदी छोटी पावले टाकतो आणि कंबर सरळ ठेवतो, त्यामुळे तो आत जाणार की बाहेर याचा अंदाज समोरच्याला येत नाही. समोरच्याने अधीर होऊन हात टाकला, की स्मिथ आपल्या विरुद्ध हाताने ते मनगट खाली झटकतो आणि त्याच क्षणी खांदा अरुंद करून बाजूने निसटतो. येथे ताकद लागते ती मनगटापुरती. बाकी सगळे वेळेचे गणित आहे. अलाबामाच्या सरावात त्याच्यासमोर रोज पॅट्रिक सर्टन उभा असे, जो यंदाच्या ड्राफ्टमधील सर्वोत्तम कॉर्नरबॅकपैकी एक मानला जातो. सरावाला याहून कठीण माणूस विद्यापीठ पातळीवर मिळणे अवघड आहे.

दुसरे म्हणजे नियम. १९७८ पासून रेषेपुढील पाच यार्डांनंतर रिसीव्हरला धरणे किंवा ढकलणे निषिद्ध आहे, आणि २००४ पासून पंचांनी तो नियम कडकपणे लावायला सुरुवात केली. म्हणजे कॉर्नरबॅकला आपली ताकद दाखवायला पाच यार्डांची पट्टी मिळते; ती एकदा ओलांडली की पुढे पाय आणि डोळेच कामाला येतात. सत्तरच्या दशकात हा मुलगा टिकला नसता, हे मी मान्य करीन.

लुइझियाना स्टेटविरुद्धचा तो एका हाताने घेतलेला झेलही पाहा. डेरेक स्टिंगली त्याच्या अंगालगत होता, जागा शिल्लक नव्हती. चेंडू येईपर्यंत स्मिथने हात वर केलाच नाही. रिसीव्हरने हात लवकर वर केले की कॉर्नरबॅक वळून न पाहताही चेंडू आला हे ओळखतो. याने अगदी शेवटच्या क्षणी हात काढला.

स्पष्टवक्ता (२१ एप्रिल)

कडेचा_बाप, उत्तम प्रतिसाद. मुद्दा मान्य, परंतु एक पुस्ती जोडतो. चतुर प्रशिक्षक त्याला रेषेवर उभाच करणार नाहीत. स्लॉटमध्ये (कडेपासून आत, फळीच्या जवळ) ठेवतील, किंवा स्नॅपच्या आधी आडवा धाववतील, म्हणजे अडवणाऱ्याला हात टाकायची संधीच मिळणार नाही. अलाबामाने हे भरपूर केले. माझा प्रश्न असा: ज्याला सांभाळून वापरावे लागते अशा रिसीव्हरला पहिल्या दहांत का घ्यावे, जेव्हा २०१ पौंडांचा जामार चेस कोणत्याही जागी उभा करता येतो? २०१९ मध्ये चेसने १,७८० यार्ड आणि २० टचडाऊन केले, आणि तेही एकोणीस वर्षांचा असताना.

फिलीचा_पाहुणा (२१ एप्रिल)

चेस पहिला जाईल याबद्दल वाद नाहीच. सिनसिनाटी पाचव्या क्रमांकावर आहे, तेथील जो बरो हा चेसचा विद्यापीठातील जुना क्वार्टरबॅक आहे. बरोचा गुडघा गेल्या नोव्हेंबरमध्ये गेला म्हणून त्यांनी पेनेई सूवेलसारखा राखणदार घ्यावा असे शहाणे लोक म्हणतात, पण बरोला कोण हवा असेल ते उघड आहे. सहाव्यावर मायामी. तेथे स्मिथचा अलाबामातील जुना क्वार्टरबॅक टुआ टॅगोव्हायलोआ आहे.

२०१८ चा विद्यापीठ विजेतेपदाचा अंतिम सामना आठवा. जॉर्जियाविरुद्ध जादा वेळेत पहिल्याच डावात टुआ सोळा यार्ड मागे पाडला गेला, फील्ड गोलही हातचा जातो की काय अशी स्थिती. पुढचाच पास ४१ यार्डांचा, डाव्या कडेने धावणाऱ्या एका नवख्या मुलाकडे, आणि सामना २६-२३ असा खिशात. तो नवखा मुलगा म्हणजे डेव्होंटा स्मिथ. मायामी त्याला सोडेल असे वाटत नाही, म्हणूनच माझा जीव खालीवर होतो आहे.

आकडेमोड (२१ एप्रिल)

टुआच्या ओळखीचा वॉडलही आहे. आणि त्याचा वेग कोणी शंकास्पद मानलेला नाही.

ओहायोची_मावशी (२२ एप्रिल)

मार्व्हिन हॅरिसनचे नाव अजून कोणी कसे घेतले नाही? सहा फूट उंच, दिसायला काडी, १९९६ मध्ये इंडियानापोलिसने १९ व्या क्रमांकावर घेतलेला. २००२ मध्ये एका हंगामात १४३ झेल, २०१६ मध्ये हॉल ऑफ फेम. तोही अंगावर मार घेण्याऐवजी वेळीच खाली बसत असे, आणि त्याबद्दल त्याला कोणी भित्रा म्हटले नाही.

आकडेमोड (२२ एप्रिल)

मावशी, हॅरिसन यादीनुसार १८५ पौंडांचा होता. एकोणीस पौंड कमी नव्हेत. आणि तोही एकोणिसावा गेला, सहावा नाही. माझे म्हणणे पहिल्या दिवसापासून तेच आहे.

पुणे_पहाटे (३० एप्रिल)

मंडळी, पहाटे उठलो आणि पूर्ण पाहिले. चेस पाचवा, सिनसिनाटी. सहाव्यावर मायामीने वॉडल घेतला! सर्टन नवव्या क्रमांकावर डेन्व्हरला. दहावी पाळी डॅलसची होती, ती ईगल्सनी विकत घेतली आणि स्मिथला उचलले. फिलीचा_पाहुणा जिवंत आहेत का?

फिलीचा_पाहुणा (३० एप्रिल)

जिवंत आहे, आवाज गेला आहे. बारावा क्रमांक आणि तिसऱ्या फेरीतील ८४ वा देऊन दहावा घेतला. अकराव्यावर न्यूयॉर्क जायंट्स टपून बसले असावेत असा आमच्या गल्लीचा ठाम समज आहे; आम्ही पुढे उडी मारल्यावर त्यांनी आपली पाळी शिकागोला देऊन टाकली, यावरून ज्याने त्याने काय ते समजावे. डॅलसशी आपल्याच गटात असताना सौदा करणे हे पचायला जड आहे, पण पचवू. क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स अलाबामात स्मिथबरोबर दोन हंगाम होताच.

स्पष्टवक्ता (३० एप्रिल)

अभिनंदन. पण मग सगळ्यांनी 'पाहा, वजनाने काही बिघडले नाही' असे म्हणू नये. हाइझमन विजेता, देशातील सर्वाधिक यार्ड करणारा रिसीव्हर तिसरा रिसीव्हर म्हणून गेला. त्याच्याच संघातील, अर्ध्या हंगामात घोटा मोडून बसलेला मुलगा त्याच्या चार पाळ्या आधी गेला. वजनाची किंमत त्याला मोजावी लागली आहे.

आकडेमोड (३० एप्रिल)

सहमत. शिवाय ईगल्सनी प्रत्यक्षात मोजलेली किंमत बारावा अधिक ८४ वा अशी धरावी लागते, कारण दहावा त्यांच्याकडे नव्हताच. निवड दहाव्या क्रमांकाची झाली, म्हणजे माझ्या मर्यादेच्या आत एका पावलाने. त्याबद्दल मी भांडत नाही. निवडीने मात्र काहीच सिद्ध होत नाही. ऑस्टिनही आठवाच गेला होता.

कडेचा_बाप (१ मे)

हे खरे आहे, आणि म्हणूनच सप्टेंबरमध्ये मी आकड्यांकडे पाहणार नाही. पहिल्या काही सामन्यांत प्रतिस्पर्धी कॉर्नरबॅक त्याच्या नाकासमोर रेषेवर उभे राहतात, की दोन वेळा चकवले गेल्यावर सात यार्ड मागे सरकतात, एवढे पाहणार आहे. मागे सरकले, तर त्याला हलका म्हणणाऱ्यांना उत्तर खुद्द त्या कॉर्नरबॅकनीच दिलेले असेल. पुढेच उभे राहिले, तर आकडेमोड यांनी हा धागा वर काढावा.